मला तिकडचं माहीत नाही

धाकट्या जावेने कॅनडाला कायमचं जायची तयारी सुरू केली तेव्हा पहिल्यांदा माझी फाइल मागून नेली. निळी, बटणाची, प्लास्टिकची फाइल. तिच्यात लागणाऱ्या कागदपत्रांची माझ्या अक्षरातली यादी होती, डिग्री तिकडे तपासायला पाठवली होती त्या अर्जाची झेरॉक्स होती आणि माझ्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल होता. निकाल चांगला होता. पण तो दोनच वर्षं चालतो, आणि ती दोन वर्षं सरूनही बराच काळ लोटला होता. फाइल चाळत जाऊ म्हणाली, "ताई, किती व्यवस्थित लावलंय तुम्ही सगळं." मी तिला चहा दिला आणि भाजी चिरायला आत गेले.

आमचं न जाण्याचं कारण घरात सगळ्यांना एकच माहीत होतं. थोरला मुलगा आईला सोडून जाईल कसा, हे ते कारण. खरं कारण फक्त मला आणि नवऱ्याला माहीत होतं. अर्जात मुख्य अर्जदार म्हणून माझं नाव येत होतं. वय-शिक्षणावर मिळणारे गुण माझे जास्त होते, इंग्रजी माझं बरं होतं, आणि नवरा माझ्यामागून, माझ्या अर्जावर येणार होता.  महिन्याभराने एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "आईचं वय झालंय. राहू दे ते." सासूबाई तेव्हा भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरून खारीच्या मासळीबाजारापर्यंत चालत जाऊन मासे घेऊन येत होत्या. मी वाद घातला नाही. आमची मुलगी सातवीत होती. मी फाइलचं बटण लावलं आणि ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली.

जाऊ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिच्या अर्जावरही मुख्य नाव तिचंच होतं. माझा दीर, नवऱ्याचा धाकटा भाऊ, दुबईतल्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा. तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "मी काय, बायकोच्या तिकिटावर." ते वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलं नाही. इतकं सोपं होतं ते? हसून एक वाक्य बोलायचं, बस?

ती आणि चार वर्षांची पुतणी टोरोंटोजवळ गेल्या. दीर त्यांच्यासोबत गेला, तळघरातलं भाड्याचं घर लावून दिलं, बँकेत खातं उघडलं आणि महिन्याभरात दुबईला परतला. नोकरी चांगली होती, ती सोडायची कशाला, असं त्याचं म्हणणं. सुट्टी मिळाली की तिकडे जायचं, गणपतीला इकडे यायचं.

मग घरात व्हिडिओ कॉल सुरू झाले. सासूबाई फोन घेऊन शेजारच्या गुजराती काकूंकडे जायच्या आणि हिंदीत सांगायच्या, "देखो, इतना बर्फ." पालीच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन दारावर यायची त्या बाईलाही दाखवायच्या. ती टोपली खाली ठेवून वाकून बघायची आणि म्हणायची, "आपल्याला न्हाय जमणार गो बाय." मला तेवढ्यापुरती ती बाई जवळची वाटायची. जाऊ जाड कोट घालून पुतणीला शाळेत सोडायला निघालेली दिसायची. ती बारीक झाली होती, चांगली दिसायला लागली होती. तिथल्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले. मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आता यायला उशीर होणार का.

ऑफिस म्हणजे मीरा रोडचं एका टॅक्स कन्सल्टंटचं. मी तिथे चौदा वर्षं आहे. आमच्याकडे जहाजावरची आणि आखातातली माणसं पुष्कळ येतात. त्यांच्या पासपोर्टवरचे शिक्के बघून दिवस मोजायचे, माणूस वर्षात किती दिवस भारतात होता ते काढायचं, एकशे ब्याऐंशी भरतात की नाही ते बघायचं. रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट, म्हणजे टॅक्सपुरता इथला की बाहेरचा, ते त्यावर ठरतं. हे काम माझ्याइतकं चोख कुणी करत नाही, असं सरही म्हणतात.

दीर पहिल्या वर्षी गणपतीला आला तेव्हा आरतीनंतर हॉलमध्ये पाच-सहा नातेवाईक बसले होते. कुणीतरी त्याला विचारलं, तीन-तीन देशांत तुझा संसार, टॅक्स भरतोस तरी कुठे? तो खुशीत आला. बोटांवर मोजून सांगायला लागला. भारतात माझे एकशे ब्याऐंशी दिवस भरत नाहीत, म्हणून इथला नाही. कॅनडात वर्षात दोन महिनेही नसतो, म्हणून तिथला नाही. दुबईत पगारावर टॅक्सच नाही. सगळे हसले. मोदकाची ताटली हातात धरून त्याने माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही यातल्या. बरोबर ना?"

मला माहीत होतं. दोनच महिन्यांपूर्वी आमच्या ऑफिसात अगदी अशीच केस आली होती. जहाजावरचा एक अधिकारी, बायको-मुलं नुकतीच कॅनडाला गेलेली. सरांनी तिथल्या एका सल्लागाराला विचारलं होतं आणि त्याचं चार पानी उत्तर मीच प्रिंट काढून फाइलला लावलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तिकडे आधी दिवस मोजत नाहीत. बायको कुठे, मूल कुठे, घर कुठे, ते आधी बघतात. ते तिकडे असेल तर माणूस घर मांडल्या दिवसापासून तिथला, मग तो नोकरीला कुठेही असो. आणि एकदा तिथला झाला की जगात कुठेही कमावलेला पगार तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा.

मी म्हटलं, "इकडचं बरोबर आहे. मला तिकडचं माहीत नाही."

"तिकडचं मी बघतो," दीर म्हणाला, आणि विषय दुसरीकडे गेला.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं की मी खोटं बोलले नाही, मी कॅनडाची सल्लागार थोडीच आहे. पण मग मी विषय निघाला की टाळायला लागले, आणि त्यातून मला समजलं की मी नेमकं काय करतेय. पुढचं दीड वर्ष मी ती गोष्ट मनात सांभाळून ठेवली. सासूबाईंनी धाकटीचं कौतुक सुरू केलं की मी ती आठवायचे. दिराने मीरा रोडच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला आणि सगळ्यांना बघायला नेलं, तेव्हा सतराव्या मजल्यावर उभं राहून मी तीच आठवत होते. इतरांना जे दिसत नव्हतं ते मला दिसत होतं, आणि त्यात सुख होतं. खोटं कशाला सांगू? मी वाट बघत होते.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून निघून मी शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असताना जावेचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा सकाळ होती. ती लॅबच्या बाहेरून बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता. नेहमीसारखी आधी सासूबाईंची तब्येत विचारली नाही. सरळ म्हणाली की तिच्याबरोबर काम करणारी एक पंजाबी मुलगी आहे, तिचा नवराही सौदीला असतो, आणि ती त्याचा पगार तिथल्या रिटर्नमध्ये दाखवते. "मी दरवर्षी यांचं उत्पन्न शून्य लिहितेय ताई. यांनीच तसं सांगितलं. त्याच्यावर मला मुलीसाठी सरकारकडून दर महिन्याला पैसे येतात. मी घाबरलेय. तुम्हाला यातलं काही माहीत आहे का?"

रांग पुढे सरकली. मागच्या माणसाने "आगे चलो" म्हटलं. मी रांगेतून बाजूला झाले.

तेच वाक्य तोंडात तयार होतं. पण तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. ती तिथे एकटी मुलीला घेऊन राहत होती आणि सही तिची होती. दीर दुबईत होता. ज्याची गंमत बघायला मी बसले होते तो नव्हे, ही सापडणार होती.

"चूक आहे," मी म्हटलं. "त्यांचा पगार तुमच्याकडे दाखवायला हवा होता. टॅक्सवाल्यांनी विचारायच्या आधी तुम्ही स्वतःहून सांगा. पत्र आल्यावर सांगितलं तर दंड होतो."

"नक्की?"

"नक्की. मी उद्या एका सल्लागाराचा नंबर पाठवते."

सरांना विचारून मी तो नंबर पाठवला. पुढचे चार महिने मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर तिच्याबरोबर बसायचे. दिराच्या पगाराच्या स्लिपा, तो कधी कुठे होता त्याचा तक्ता, बँकेची स्टेटमेंट, सगळं मी लावून दिलं. दीर आधी चिडला. जावेवर चिडला, फोनवर माझ्यावरही चिडला, म्हणाला की तुम्ही दोघी मिळून माझी नोकरी खाणार. मग सल्लागाराने त्याला तासभर समजावलं तेव्हा तयार झाला. आधीच्या दोन वर्षांचा टॅक्स भरावा लागला, मुलीच्या नावाने आलेले पैसे बरेचसे परत करावे लागले, वर व्याज. दंड सुटला. टॉवरमधला फ्लॅट सोडून द्यावा लागला. टॅक्स तिकडचाच भरायचा तर दुबईत एकटं राहायचं कशाला, असं म्हणून वर्षाच्या आत दीर कायमचा तिकडे गेला आणि एका गोदामात लागला. पगार पूर्वीपेक्षा कमी.

आमच्याकडे मात्र माझं नाव झालं. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "मोठीनं वाचवलं गो. तुरुंगात गेले असते दोघं." तसं काही होणार नव्हतं, पण त्यांना ते सांगायला आवडायचं. रत्नागिरीहून नणंद आली तिने मला साडी दिली. मी ती घेतली. घडी न मोडता कपाटात ठेवली.

दीड वर्ष आधी बोलले असते तर टॅक्स तेवढा भरावा लागला असता, पण व्याज, परतफेड, फ्लॅटचं नुकसान यातलं काही झालं नसतं. नुसतं व्याज किती गेलं ते मला रुपयापर्यंत माहीत होतं, कारण तो हिशेब मीच तपासला होता.

एका रविवारी उत्तनच्या एका लग्नाहून परतताना आम्ही दोघंच रिक्षात होतो. तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. गणपतीतलं, सल्लागाराच्या पत्राचं, सगळं.  तो म्हणाला, "तुला तिच्याबद्दल वाटायचं ते मला दिसायचं. पण माझ्या भावाला बुडताना बघत बसशील असं नव्हतं वाटलं."

"तुमच्या भावाला बायकोच्या अर्जावर जायची लाज वाटली नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

रिक्षावाला आरशातून बघत होता.  घरी आल्यावर चार दिवस नवरा माझ्याशी फक्त डबा आणि चावी एवढ्यापुरतं बोलला. पाचव्या दिवशी कामावरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "मी तेव्हा घाबरलो होतो. तिकडे जाऊन मी काय करणार होतो, तूच सांग." मी त्याच्या हातातला डबा घेतला. मग तो म्हणाला, "तिला सांग. माझ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे."

मला तीन दिवस लागले. फोन करायची हिंमत झाली नाही, मेसेज लिहिला. कारणं दिली नाहीत. मला आधीपासून माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "मला फार राग आलाय ताई. थोडे दिवस फोन करू नका."

थोडे दिवस म्हणजे सात महिने झाले. ती सासूबाईंच्या फोनवर बोलायची, मी स्वयंपाकघरात असायचे. हेवा कमी झाला म्हणाल तर तसंही नाही. दीर तिकडे पोचल्यावर तिघांचा एक फोटो आला, तळ्याकाठी, तिघांच्या हातात कणसं. तो मी सासूबाईंच्या फोनवर चोरून दोनदा बघितला.

मग मेमध्ये तिचा मेसेज आला. मुलगी मराठी बोलते पण वाचत नाही, शनिवारी तिला अर्धा तास शिकवाल का? खाली बाकी काही नव्हतं. मी हो लिहिलं आणि स्टेशनजवळच्या दुकानातून पहिलीचं पुस्तक आणलं.

पहिल्या शनिवारी पडद्यावर पुतणी एकटीच दिसली. समोरचे दोन दात पडलेले. जाऊ शेजारीच बसली होती, पण चेहरा पडद्याच्या बाहेर. मला फक्त तिचा खांदा दिसत होता, आणि वहीचं पान उलटणारा हात.   पुतणीला 'ळ' येत नव्हता, ती कमळला कमल म्हणत होती. मी तिला जीभ कुठे न्यायची ते दाखवत होते, तेवढ्यात मागून दीर आला. गोदामाचा निळा शर्ट अंगातच होता. त्याने पोह्यांची बशी आणून बायकोच्या हातात दिली, तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेला.

मला पुन्हा ते जुनं वाक्य आठवलं, बायकोच्या तिकिटावरचं. मी पुस्तकावर बोट ठेवलं आणि पुतणीला म्हटलं, "ही ओळ परत वाच बाळा."