चाल कुणाची होती

लातूरला आमच्या गल्लीत एका माणसाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कोपऱ्यातल्या मशीनवर तो बुद्धिबळाच्या शेवटच्या खेळाचे तक्ते तयार करतो. पटावर मोजके मोहरे उरले की निकाल काय, हे कायमचं ठरवून ठेवायचं. त्यासाठी मात झालेले पट आधी घ्यायचे आणि तिथून एकेक चाल मागे यायचं. त्याचं बोलणंही तसंच, शेवटाकडून. "जिल्हा न्हाई झाला, सर. भाषणं लई झाली. मोर्चाला गेल्तो, उदगीरला, येगळ्या जिल्ह्यासाठी."

माझे वडील, आप्पा, गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याशी खेळताना "सोडला डाव" म्हणून ते पटावरून उठले होते. डाव खरंच गेला होता, की त्यांनीच आशा सोडली होती, हे मला कळायला हवं होतं. मी तो पट त्याच्यापुढे मांडला. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, माझ्या राजामागे एकच प्यादं.

"चाल कुणाची व्हती?"

मला आठवेना.

"तुमची असंल तर बरोबरी. आप्पांची असंल तर गेलेला डाव."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचं काम न्हाई ह्यात, सर."

दुसऱ्या कुणी 'गेलेलाच होता' म्हणून माझं समाधान केलं असतं. तेवढ्यात, आठवडाभराने, पाण्याचा टँकर आला. गल्ली घागरी घेऊन धावली. त्याचीही रिकामी घागर दाराशी होती. तो उठला नाही. टँकर निघून जाईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिला.