ओव्याची चादर

आमच्या कंपाउंडर काकांच्या घरी कुत्र्याची जेवढी सेवा होते, तेवढी सोलापुरातल्या कुठल्याच दवाखान्यात पैसे मोजूनही माणसाची होत नसेल, हे मी शपथेवर सांगते. काका भवानी पेठेतल्या एका डॉक्टरांकडे जन्मभर कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, पुढे काकूही गेल्या, पण काकांचा दवाखाना काही बंद झाला नाही. तो नुसता घरी आला आणि त्यात एकच पेशंट उरला. पेशंट म्हणजे कोंबड्याहून थोडं मोठं, पांढरं, राठ केसांचं, मिशीवालं टेरियर जातीचं कुत्रं. काकांच्या मुलीनं ते पुण्यात पाळलं होतं. तिथला घरमालक कुरकुर करायला लागला तशी तिनं ते वडिलांकडे आणून सोडलं. त्याचं नाव तेव्हा टॉफी होतं. "असल्या नावानं दात किडतात," असं म्हणून काकांनी त्याच दिवशी त्याचं नाव ओवा ठेवलं. "हे पोटालाही बरं."

मी त्यांच्याकडे धुणंभांडी करते. कुत्रं आलं आणि मी सिस्टर झाले. तोवर काका मला नावानं हाक मारायचे, अगंतुगं करायचे. आता कुत्र्याचं काम असलं की "सिस्टर, तुम्ही" आणि भांड्यांचं असलं की "अगं, तो तवा नीट घास". भर बोळात ते मोठ्यानं विचारायचे, "सिस्टर, पेशंटची मोशन कशी आहे?" मी पदर तोंडाला लावायची. समोरच्या दारात अक्का विड्या वळत बसलेल्या असतात. त्या घरात तेलुगू बोलतात आणि माझी थट्टा मराठीत करतात. त्या म्हणायच्या, "सांग की गं सिस्टर, लाजतीस कशाला? डॉक्टर ईचारायलेत." मग मी हळूच सांगायची, "घट्ट हाय." काका मान हलवून आत जायचे आणि केसपेपरवर लिहायचे.

हा केसपेपर खिळ्याला टांगलेला असतो. नाव ओवा, वय पाच, धंदा राखण. खाली तारीखवार ताप, भूक, कान, डोळे, कातडं. दर रविवारी वजन. आधी काका ओव्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहतात, मग एकटे, आणि वजाबाकी करतात. एका रविवारी ओवा अर्धा किलोनं वाढला. आठवडाभर त्याला उपाशी ठेवल्यासारखं ठेवलं, ते बिचारं माझ्या पायात येऊन रडायचं. पुढच्या रविवारी कळलं की ओव्याला घेऊन उभं राहताना काकांच्या खिशात बॅटरी आणि किल्ल्यांचा जुडगा होता, एकटे उभे राहताना नव्हता. काकांनी ओव्यापुढे हात जोडले आणि "चूक दवाखान्याची" असं केसपेपरवर लिहून खाली सही केली.

माहिती सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मी चौथी शिकलेली, पण या जातीच्या कुत्र्याबद्दल आता परीक्षेला बसवलं तरी पास होईन. "याचं कातडं फार नाजूक, सिस्टर. आतबाहेर काही बिघडलं की आधी कातडं बोलतं. कान, पंजे, बगला, पोट, रोज बघायचं." गुडघ्याची वाटी सरकते म्हणून याला उडी मारू द्यायची नाही. त्यासाठी काकांनी खाटेला फळी लावली आणि घसरू नये म्हणून तिच्यावर गोणपाट ठोकलं. बोटाला फडकं गुंडाळून त्याचे दात घासायचे. पाऊस पडला की कंगव्यानं गोचीड शोधायचे. कांदा, लसूण, द्राक्षं बंद. शेंगाचटणीत लसूण, आणि ओवा तोंडाकडे बघतो म्हणून काकांनी स्वतःच चटणी सोडली. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणी सोडायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. उन्हाळ्यात फिरायला नेण्याआधी ते चप्पल काढून डांबरावर उभे राहायचे आणि दहा अंक मोजायचे. सहाव्या अंकाला पाय उचलावा लागला तर फिरणं रद्द. एकदा हट्टानं दहापर्यंत मोजले आणि तळपायाला फोड आला. ओवा सावलीत बसून बघत होता.

हे हसण्यासारखंच आहे, मीही हसते. पण काकू गेल्यावर ते कसे झाले होते तेही मी पाहिलंय. "चहा ठेव" आणि "दार ओढून घे", याखेरीज दिवसभरात शब्द नसायचा. ओवा आला आणि दुपारी त्यांच्या मांडीवर पोट टाकून झोपायला लागला. काका त्याला पेपर वाचून दाखवायचे, मधे थांबून "पटतंय का?" म्हणून विचारायचे. भांडी घासताना मी ते ऐकत असायची. घर पुन्हा बोलायला लागलं होतं.

आता जे लिहायचं त्यासाठी वही उघडली होती, आणि इतकं इकडचं तिकडचं लिहीत बसले.

ओव्याला अंथरायला सोलापुरी चादर आहे, जुनी, जाड, दोन घड्यांची. ती एक दिवसाआड धुवायची. माणसाच्या मोरीत कुत्र्याचं धुवायचं नाही, असा काकांचा नियम. त्यासाठी त्यांनी गच्चीवर वेगळा दगड बसवून घेतला. पाण्याची पिंपं खाली, दगड वर, मधे सोळा पायऱ्या. साबण नीट निघावा म्हणून चादर तीन पाण्यांतून काढायची, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. जाड चादर पाणी किती पिते आणि साबण कसा धरून ठेवते, ते धुणाऱ्यालाच माहीत. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला मी तिसरं घर धरलं. कंबर भरून यायची, पुढच्या घरची घाई असायची. मी चादर एकाच पाण्यातून काढून वाळत घालायला लागले. वाळल्यावर कुणाला कळतं?

महिन्याभरात ओवा खाजवायला लागला. आधी पंजे चाटायचा, मग बगला, मग पोट. पोटावर लाल पुरळ आलं, केस विरळ झाले. काका त्याला रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी कातडं खरवडून तपासलं, खरूज नव्हती. त्या म्हणाल्या, खाण्यातलं काही असेल किंवा अंगाला लागणारं काही असेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वाट बघा. काकांना तेवढंच पाहिजे होतं. घरी आल्या आल्या त्यांनी यादी केली. पहिलंच त्यांनी मला विचारलं.

"सिस्टर, चादर तीन पाण्यांतून काढता ना?"

"व्हय काका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांचा विश्वास. केसपेपरवर "चादर – ठीक" लिहिलं आणि पुढे गेले. आधी कोंबडी बंद झाली, ओवा दोन महिने भोपळा आणि भातावर राहिला. मग उदबत्ती बंद. देवांना काकांनी सांगितलं, "घरात पेशंट आहे, सांभाळून घ्या." फरशीचं फिनेल बंद, काथ्याचं पायपुसणं बंद. अक्कांना निरोप गेला की तंबाखूचे हात धुतल्याशिवाय लाड करायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "आता आमालाच डेटॉलात बुडवा की." ओवा खाजवतच होता. रात्री त्याच्या पायांचा फरशीवर टकटक आवाज येतो, झोप लागत नाही, असं काका सांगायचे. मी खाली मान घालून भांडी घासायची. चादरीचं माझ्या मनात तेव्हा आलंच नव्हतं, असं लिहावंसं वाटतं. पण येऊन जात होतं. मी त्याला थारा देत नव्हते.

ऐन उन्हाळ्यात एक दिवस काकांनी ओव्याला उताणा धरला आणि मी मलम लावत होते. माझ्या बोटांच्या बेचक्यात साबणाच्या पुडीनं कातडं सोलून लाल झालेलं, आणि त्याच्या पोटावरही हुबेहूब तसंच. माझे हात थांबले. त्या दिवसापासून मी सोळा पायऱ्या चढून तीन पाणी न्यायला लागले. कुणाला न सांगता. वाटलं, बरा होईल आणि विषय संपेल.

पण त्याच आठवड्यात काकांची यादी संपली होती. चष्मा पुसत ते म्हणाले, "सिस्टर, पोटालाच पुरळ का? पोट कशाकशाला टेकतं? चादरीला आणि माझ्या मांडीला. चादर तुमच्या हातची, तिच्यात खोट नाही. उरलो मी. चाळीस वर्षांची औषधं अंगात मुरलीत माझ्या." आणि त्यांनी मधल्या उंबऱ्याला फळी आडवी लावली. ओवा बाहेरच्या खोलीत, काका आतल्या. ओवा फळीला नाक लावून कुंई कुंई करायचा. काका आतून ओरडायचे, "जागेवर!" आणि तोंड फिरवायचे.

महिन्याभरात ओव्याचं पोट स्वच्छ झालं.

काकांनी मला केसपेपर वाचायला दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "कारण – स्वतः." "निदान बरोबर निघालं, सिस्टर," ते हसून म्हणाले. ते हसू मला बघवलं नाही. मी निस्तरायला गेले होते, आणि माझ्याच हातांनी त्यांच्यावर शिक्का मारून बसले. त्यानंतर रोज ठरवायची, आज सांगू. तोंड उघडायचं आणि निघायचं, "काका, आता घ्या की मांडीवर, बरा झालाय." ते म्हणायचे, "म्हणूनच नको." चार महिने गेले. फळी काढली तरी ओवा उंबरा ओलांडेनासा झाला. पेपर मनातल्या मनात वाचला जायला लागला. घर परत गप्प झालं.

मग पुण्याहून काकांच्या मुलीचा, ताईचा फोन आला. तिनं स्वतःचं घर घेतलं होतं. काका म्हणाले, "घेऊन जा त्याला. इथं त्याला जवळ घेणारं कुणी नाही." रविवारी ती येणार असं ठरलं. काकांनी ओव्याची फाइल बांधायला घेतली.

शनिवारी मी गच्चीवर चादर धुतली, पूर्वीसारखी, एकाच पाण्यातून. पिळली, खाली आणली आणि काकांसमोर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुचकळली. पाणी ताकासारखं पांढरं झालं, वर फेस आला.

"मी असं धूत व्हते काका," मी म्हणाले. "जत्रेपास्नं उन्हाळ्यापातूर."

"मला तीन पाणी म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

त्यांनी दोन बोटं पाण्यात घातली, एकमेकांवर चोळली, हुंगली.  मला वाटलं, आता कामावरून काढतील. ते म्हणाले, "म्हणजे मी नव्हे?"

"न्हाय काका."

"मी नव्हे?" त्यांनी परत विचारलं.

"तुमी न्हाय. मी."

त्यांनी केसपेपर काढला, "स्वतः" खोडलं आणि "साबण" लिहिलं. माझं नाव लिहिलं नाही. मग माहिती सांगायच्या त्यांच्या नेहमीच्या सुरात म्हणाले, "कुत्र्याचे चार महिने म्हणजे आपली दोन-अडीच वर्षं धरायची, सिस्टर." ते काही मला टोचायला बोलले नव्हते. त्यानंच जास्त लागलं.

त्यांनी ओव्याला हाक मारली. तो उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. पुन्हा हाक मारली तशी त्यानं शेपूट हलवली, पण पाय पुढे टाकीना. मग काकाच उठले आणि गुडघ्यांवर हात टेकत उंबऱ्यातच बसले. दारातून अक्का ओरडल्या, "काका, उंबऱ्यात बसू नये वो!" काका म्हणाले, "पेशंटची सोय आहे." खूप वेळानं ओव्यानं नुसती हनुवटी त्यांच्या मांडीवर टेकवली. ताई दुसऱ्या दिवशी आली, दोन दिवस राहिली आणि एकटीच परत गेली.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्या शनिवारी काकांनी मला आणखी एक विचारलं होतं, "असं का केलंस गं?" आणि मी म्हणाले, "चार-चार दिवस नळाला पानी न्हाय काका. तुमाला कमी पडंल म्हनून." ते म्हणाले, "माझ्यासाठी होय." पाणी होतं. पिंपं भरलेली होती. मला जिने चढायचे नव्हते, एवढंच खरं. हे इथं लिहिते, आणखी कुठं सांगणार?

तेव्हापासून काका अर्ध्या बादलीत अंघोळ करतात. या वयात, थंडीच्या दिवसांतसुद्धा. "पेशंटच्या चादरीला तीन पाणी पुरली पाहिजेत," म्हणतात. मी त्यांची बादली गुपचूप भरून ठेवते. मग मोरीचं दार लागतं, आणि ते अर्धी बादली परत पिंपात ओततात. मी जिन्याखाली ओली चादर हातात धरून तो आवाज संपेपर्यंत उभी राहते.