पहिल्या पानावरचं बोट

जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी त्याचं मलपृष्ठ बघते. वाचायला नव्हे, चोर पकडायला. साताऱ्याच्या एका वाचनालयात मी उभी हयात ग्रंथपाल म्हणून काढली. पुस्तक परत येईपर्यंत कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या नोकरीनं शिकवलं. सभासद मला पाठीमागे फौजदारीणबाई म्हणत. मला ते आवडायचं.

सत्तरच्या दशकात एका वर्षी, गणपती उठल्यावर, सांगलीहून एका म्हाताऱ्या बाईंचा निरोप आला. एका जुन्या ग्रंथमालेचा पूर्ण संच त्यांच्याकडे होता आणि तो त्यांना आमच्या वाचनालयाला द्यायचा होता. अट एकच, की कपाटावर त्यांच्या आईचं नाव लागावं. ही माला कधीच बंद पडलेल्या एका छापखान्याची. वर्गणीदारांना वर्षाला एक पुस्तक टपालानं घरपोच यायचं.

अध्यक्ष हरखले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. या मालेचा पूर्ण संच एके काळी आमच्याकडेही होता. माला संपली आणि त्यानंतर काही वर्षांनी तो कपाटातून नाहीसा झाला. माझ्या आधीचे ग्रंथपाल निवृत्त होताना एवढंच म्हणाले होते, "तो सांगलीकडे गेला म्हणतात." त्यात या बाईंचे वडील सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होण्याआधी आमच्याच वाचनालयात कारकून होते. हे त्यांनी निरोपात मोठ्या अभिमानानं कळवलं होतं. म्हणजे आमचीच पुस्तकं आम्हाला दान, आणि वर कपाटावर नाव! मी अध्यक्षांना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही जाऊन बघा," ते म्हणाले. "आपली निघाली तर घेऊन या, आणि त्या बाईंना चार शब्द सुनवा." म्हणजे आईच्या नावाची पाटी लागणार की त्या घराला चोराचं घर म्हणायचं, हे माझ्या बघण्यावर होतं. मी एसटीत बसले ती यातल्या दुसऱ्या गोष्टीची खात्री बाळगून.

बाजारामागच्या दोन खोल्यांत आजी राहत होत्या. वाळकी, ताठ, कपाळ मोकळं. सगळ्या गल्लीला हळदीचा वास. त्यांनी चहा विचारला, मी नको म्हणाले. संशयिताच्या घरचा चहा घेतला की नजर मवाळ होते.

"बघा तुमीच," त्या म्हणाल्या. "समदी आमच्या आयची हायती."

"आईंना वाचनाची आवड होती?"

"आवं, तिला अक्षरओळख न्हवती. बा वाचायचा, ती ऐकायची."

निरक्षर बाईची ग्रंथमाला! मी मनातल्या मनात एक खूण केली आणि कामाला लागले.

या मालेचं साल ओळखणं सोपं नाही. पहिल्या पानावर शक छापलेला असतो, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतो. पण छापखाना महाबिलंदर. जी पुस्तकं खपली ती त्यानं पुन्हा छापली आणि शक जुनाच ठेवला. खरं काय ते मलपृष्ठ सांगतं. तिथं मालेतल्या पुस्तकांची यादी असते. यादी त्याच पुस्तकापाशी थांबली तर प्रत अस्सल पहिली. पुढची नावं दिसली तर नंतरची. मी पहिलंच पुस्तक उलटं केलं आणि माझा विरस झाला. बाइंडरनं नेहमीप्रमाणे मुखपृष्ठं, मलपृष्ठं काढून टाकून कापडी बांधणी केली होती. सगळ्यांचीच.

राहिलं पहिलं पान. आमचा शिक्का पहिल्या पानाच्या माथ्यावर बसायचा. आणि इथं नेमक्या त्याच जागी हळदीकुंकवाचं बोट! एका नव्हे, प्रत्येक पुस्तकात. आपण दसऱ्याला पुस्तकांची चळत मांडतो आणि हळदकुंकू वाहतो ते वरच्या पुस्तकावर. चळतीतलं एकेक पुस्तक उघडून बोट कोण लावत बसतं? ज्याला शिक्का झाकायचा असतो तो. मला इतका आनंद झाला की आजींच्या तो लक्षात आला असावा.

पानं खिडकीशी उजेडात धरली. डागाखाली शाईची सावली दिसेना. तरी माझा संशय हटेना. कारकुनाला पुस्तक शिक्का न मारताच कपाटात ठेवणं आणि पुढे घरी नेणं काय अवघड? मग मी सगळी पुस्तकं शकाप्रमाणे जमिनीवर ओळीनं उघडी मांडली. सुरुवातीच्या पुस्तकांवर रुंद, ठसठशीत बोट. आणि मध्येच एका पुस्तकापासून ते बदललं होतं. एवढंसं, तिरपं, फरपटलेलं.

मी झडपच घातली. "आजी, ही दोन वेगळ्या माणसांची बोटं आहेत. ही मागाहून कोणी लावली?"

"म्या," आजी शांतपणे म्हणाल्या.

"का? आईनं का नाही लावली?"

"ती कशी लावल, बाई? त्या साली आमचा बा गेला."

आजी खाली बसल्या आणि त्या तिरप्या डागाजवळ हात नेला, पण त्याला शिवल्या नाहीत.

"दर साली नवं पुस्तक आलं की दसऱ्याला आय त्ये उघडून पैलं बोट लावायची. पेढीवर नव्या चोपडीला लावत्यात, तसं. बा गेला, पण पुस्तक आलं. आय करंडा घिऊन बसली, आन् मग माज्याफुडं सारला. म्हणाली, माजा हात आता चालत न्हाई, तू लाव. मी लय लहान. मला जमंना. तवा तिनं माजं मनगट धरलं, आन् लावलं."

"आणि वर्गणी पुढे चालू ठेवली?"

"व्हय की. बा न्हवता, पर मला वाचता येत हुतं. मी वाचायची, ती ऐकायची."

मी पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. आता जे दिसलं ते आधी का दिसलं नाही, याचा मला रागच आला. ते लहान बोट दर पुस्तकागणिक वाढत गेलं होतं. पुढच्यात जरा मोठं, त्याच्या पुढच्यात सरळ, आणि मालेच्या शेवटच्या पुस्तकावर चांगलं वयात आलेल्या मुलीचं. लबाड माणूस काहीही करील, पण दर वर्षी थोडं थोडं वाढणारं बोट कुठून आणील? पुस्तकं ज्या त्या वर्षी याच घरात आली होती. आणि आमचा संच गेला तो माला संपल्यावर, म्हणजे तो कारकून वारून कितीतरी वर्षं झाल्यावर. आमचा चोर कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणखी दोघातिघांवर माझा डोळा आहे.

मी चहा मागून घेतला.

दसऱ्याला वाचनालयात कपाट सजलं. काचेवर आईच्या नावाची पाटी. आजी साताऱ्याला आल्या होत्या आणि गर्दीत सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. पूजेला अध्यक्षांच्या सौभाग्यवती पुढे झाल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातून करंडा काढून घेतला. त्या बघतच राहिल्या. मी मागे गेले आणि करंडा आजींपुढे धरला.

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाई बाई. मी बी आता आयसारखीच."

सगळे आमच्याकडे बघत होते. माझा हात तसाच पुढे राहिला. आजींनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्या माझ्याबरोबर कपाटाजवळ चालत आल्या आणि पदराखालून हात काढून त्यांनी माझं मनगट धरलं.

आधी हळद, मग कुंकू. बोट माझं होतं. पण त्यांच्या आईच्या नावावर ते टेकलं तेव्हा त्यातला जोर माझा नव्हता. पाटीवरचा डाग तिरपा आला, आणि तो मी कोणाला पुसू दिला नाही.