बाबांचा उपवास

आमच्या बाबांचा राग ताटावर निघायचा. ते सुतार. दिवसभर रंधा मारताना कोणाला वाकडा शब्द बोलत नसत, पण जेवायला बसले की भात कच्चा, आमटी पातळ, तिखट जास्त. वाढून झालं की आई दाराआड उभी राहायची. आम्ही पोरं मान खाली घालून भराभर जेवायचो. मला तेव्हा बाबांचा भयंकर राग यायचा, आणि हा राग मला त्यांच्याकडूनच आलाय हे कळायला फार वर्षं लागली.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तर विचारू नका. आमच्यात शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालतात. मालवणच्या माणसाने बांगडा खायचा आणि त्याला उपवास म्हणायचं, हे बाबांना पटेना. एके वर्षी त्यांनी चाळीसही दिवस मासे सोडले. श्रावण पाळणारे शेजारी कौतुक करू लागले, तसा बाबांना आणखी चेव आला. घरात मात्र कहर. कुळथाची पिठी नाहीतर नीरफणसाची भाजी समोर आली की त्यांचं टाळकं फिरायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ताट अंगणात भिरकावलं. आई त्या दिवशी जेवलीच नाही.

शनिवारी बाबा चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेले आणि धुमसतच परतले.

"पाद्री म्हणता, मासो खा. पण जेवताना बायलेक वायट बोलू नको. ह्योच तुजो उपास."

"मगे?" आईने विचारलं.

"मगे काय? बांगडे हाड." आई बांगडे आणायला निघाली.

हा नवा उपवास चार दिवसही टिकला नाही. पुढच्या वर्षी आठवडाभर टिकला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा चारच दिवस. ते पाद्री बदलून गेले, दुसरे आले, बाबांनी उपवास मात्र तोच ठेवला. राग आला की ते तांब्या उचलून सावकाश पाणी पीत. काही दिवस तर जेवण होण्याआधीच तांब्या रिकामा व्हायचा.

मोठी झाल्यावर मी एकदा खवचटपणे विचारलं, "बाबानू, अजून त्याच यत्तेत?"

"नापास झालो म्हणान शाळा सोडूची काय गो?"

माझा त्यांच्यावर खरा जीव जडला तो त्या दिवसापासून. हळूहळू त्यांचा उपवास ईस्टरनंतरही चालू राहू लागला, आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. ईस्टर होऊन महिना लोटला होता. आईने माशाचं सार केलं होतं आणि त्यात कोकमाची सोलं जास्त पडली होती, तोंडात धरवत नव्हतं इतकी. बाबा निमूट जेवत होते. एवढ्यात आई दाराआडून पुढे आली.

"आज सार बिघडलां हां. सोलां जास्त पडली."

मी बाबांच्या तांब्याकडे पाहिलं. आपण होऊन असं ती जन्मात बोलली नव्हती.

"कळलां माका," बाबा म्हणाले. "राग पण इलो. तेका म्हटलंय, बस जरा."

आई हसली. मग आत गेली, स्वतःचं ताट वाढून घेऊन आली आणि बाबांच्या समोर बसून जेवू लागली.