वयनी आज काय म्हणल्या

रात्री साडेदहाला दिसणारा तो गप्पांचा कार्यक्रम आम्ही दुपारी चार वाजता करत असू. चंद्रपुरात टायरच्या एका दुकानावर केबल चॅनेलची खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, मागच्या भिंतीवर रंगवलेली रात्र: निळं आभाळ, वीज केंद्राच्या चिमण्या आणि त्यांच्यावरचे लाल दिवे. आवाज नको म्हणून चित्रीकरण सुरू झालं की कूलर बंद करावा लागे. उन्हाळ्यात मग सर टेबलाखाली पाण्याची बादली ठेवून तिच्यात पाय सोडून बसत. वर कोट, चेहऱ्यावर पावडर, आणि अगदी निवांत आवाजात, "मंडळी, दिवसभराचं ऊन उतरलं, आता जरा बोलू." कॅमेरामन दर वेळी मान खाली घालून हसायचा.

सर म्हणजे त्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक. मी त्यांच्यासाठी पाहुण्यांची माहिती काढायचे, प्रश्न लिहायचे, सुरुवातीचं दोन मिनिटांचं बोलणं लिहायचे. मी मूल तालुक्यातल्या एका गावची. वडील राइस मिलमध्ये हमाली करत. आमच्या विहाराच्या गल्लीत पदवी घेतलेली मी पहिली. एम.ए. होऊन दोन वर्षं मी नुसते अर्ज करत होते. सरांनी पाच मिनिटं बोलून मला काम दिलं. राहायला खोली मिळेना, तेव्हा ते स्वतः माझ्याबरोबर तीन घरमालकांकडे आले. तिसऱ्यानं माझं आडनाव विचारलं. सर म्हणाले, "आडनाव माझंच लिहा अन् किल्ली द्या." पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना हे कुणी विसरू नये, मीही विसरलेले नाही.

सर आरमोरीकडचे. तरुणपणी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, कबड्डीच्या सामन्यांचं निवेदन करत. तिथून ते टीव्हीत आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांच्या धंद्याचा नियम सांगितला. पाहुणा गप्प झाला की मनात तीन आकडे मोजायचे. चौथ्याला आपण बोलायचं. त्याचं वाक्य अडलं असेल तर आपणच पूर्ण करून द्यायचं, म्हणजे पाहुणाही खूश आणि पाहणाराही. "टीव्हीवर शांतता झाली की माणूस उठून पाणी प्यायला जातो," ते म्हणत, "मग परत येत नाही."

त्यांच्या पत्नीला सगळेच वयनी म्हणत. माहेर धानोऱ्याकडचं, जंगलातलं. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा सर माझी ओळख करून देत होते. मी कुठली, काय शिकले, घरी कोण, सगळं तेच सांगत होते. वयनी चहा घेऊन आल्या.

"तिले तोंड नाई का?" त्या म्हणाल्या.

"अगं, मी ओळख करून देतोय."

"थे तं दिसूनच राह्यलं. पाहुण्याले कायले बोलावता टीव्हीत? समोर आरसा ठेवा. तुमचं काम तेवढ्यात भागते." मग माझ्याकडे वळून, "बस पोरी. चहा पी. ह्यायचं झालं की मंग तू बोल. संध्याकाळपर्यंत होईन."

सर मोठ्यानं हसले, आणि दुसऱ्या दिवशी हेच त्यांनी कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगितलं. वयनींचं असं एखादं वाक्य रोज सांगायची त्यांची पद्धतच होती. लोक त्याचीच वाट पाहत. भाजी बाजारात, बँकेत, लग्नात कुणी ना कुणी विचारणारच: "भाऊ, वयनी आज काय म्हणल्या?" एक भाजीवाली म्हणायची, "वयनीची जीभ म्हणजे भिवापुरी मिरची." वयनी टीव्हीत कधी दिसल्या नव्हत्या, पण गावात सरांपेक्षा त्याच जास्त ओळखीच्या होत्या.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तांदूळ पाखडताना त्यांच्या हातातून सूप गळून पडलं. लकवा. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणं पूर्ण गेलं. महिनाभर नागपूरच्या दवाखान्यात होत्या. चॅनेलनं तेवढे दिवस जुने कार्यक्रम दाखवले.

परत आल्यावर सरांनी पहिल्या चित्रीकरणाआधी मला बाजूला घेतलं. "तुझी आई गावाकडे कशी बोलते?" त्यांनी विचारलं. "तसं रोज एक वाक्य लिहून दे. वयनीचं म्हणून."

मी म्हटलं, "सर, लोकांना सांगितलं तर?"

"सांगितलं की उद्यापासून सगळं गाव घरी येईल पाहायला. तिला ते आवडणार नाही." मग ते म्हणाले, "अन् मला सांगता येणार नाही."

मी लिहायला लागले. मला ते चांगलं जमायचं. आईला फोन करायचे, ती वडिलांना काय काय टोचून बोलली ते ऐकायचे आणि कागदावर उतरवायचे. बाजारात लोक म्हणत, वयनी आता जास्तच तिखट झाल्या.

बोलणं परत आणायचं शिकवणाऱ्या नागपूरच्या मॅडमनी चित्रांची कार्डं दिली होती. गिलास, कंगवा, चप्पल, दिवा. सकाळ-संध्याकाळ एक एक तास बसायचं. चित्र दाखवायचं, हे काय आहे विचारायचं, आणि थांबायचं. "पाच मिनिटं लागली तरी थांबा," त्यांनी बजावलं होतं. "त्यांच्या वतीनं तुम्ही बोलू नका. पहिले सहा-आठ महिने महत्त्वाचे. नंतर फार येत नाही."

सरांना हेच जमलं नाही. मी पाहिलं आहे. ते कंगव्याचं कार्ड धरत, विचारत, वयनींचे ओठ हलायला लागत, आणि सर म्हणून जात, "कंगवा. म्हण, कंगवा." वयनी डोळे मिटून घेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते कार्डं माझ्या हातात देऊन म्हणाले, "माझ्यानं होत नाही गं. ती गप्प बसली की माझ्या तोंडून निघूनच जातं. तू करशील का?"

मी रोज सकाळी नऊला जायला लागले. मला थांबता येत होतं. मार्च संपेपर्यंत वयनींना चार शब्द आले. पाणी. नाई. चा. आणि एक दिवस माझ्याकडे बघून, "पोरी." त्या दिवशी मी परत जाताना रस्त्यात सायकल थांबवून रडले. मला वाटलं, ह्या माणसांचं आपल्यावर जे आहे ते आपल्या हातून थोडं तरी फिटतंय.

मे महिन्यात एकदा सरांचे पाय बादलीत पाहून मला घरची आठवण झाली. वडील मिलमधून यायचे तेव्हा पायांना गुडघ्यापर्यंत कोंडा असायचा, आणि ते दारातूनच काहीतरी सांगायला लागत. आई म्हणायची, "आदी पाय धुवा, मंग बोला." मी तेच त्या दिवशी वयनींचं म्हणून लिहिलं.

रात्री वयनींनी पाहिलेला तो कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा दाखवत होते. मी वयनींना जेवण भरवून बसले होते. पडद्यावर सर म्हणाले, "काल घरी गेलो, म्हटलं ऐक ना, आज काय झालं. तर आमची बाई म्हणते कशी..." आणि खाटेवरून वयनी म्हणाल्या, "आदी पाय धुवा, मंग बोला."

स्पष्ट. आईच्या त्याच चालीत. वयनींना सांभाळायला ठेवलेली बाई स्वयंपाकघरातून धावत आली. मी सरांना फोन केला. ते आले, चपला न काढता आत आले, खाटेजवळ बसले. "पुन्हा म्हण," ते म्हणाले. वयनी पुन्हा म्हणाल्या. सर हसले आणि मग त्यांना रडू आवरेना. ते उठून बाहेर नळावर गेले, खरंच पाय धुतले, आणि ओले पाय घेऊन परत आले. वयनी हसल्या. लकव्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यानंतर मी कार्डं बाजूला ठेवली. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कार्डांनी तासाभरात एक शब्द अर्धामुर्धा यायचा आणि वयनी चिडायच्या. वाक्य मात्र सगळंच्या सगळं यायचं. मी "आदी" म्हणायचे, त्या पुढचं म्हणायच्या. दिवसातून वीस-तीस वेळा. आणि खरं सांगायचं तर मला ऐकायला आवडायचं. मी लिहिलेलं, माझ्या आईचं वाक्य, त्यांच्या तोंडून.

आठ-दहा दिवसांत त्या पाणी मागायलाही तेच म्हणायला लागल्या. पाणी हा शब्द गेला. मग चा गेला. मला त्या पोरी म्हणेनाशा झाल्या. पाठीत कळ आली तरी तेच, भूक लागली तरी तेच. सांभाळणारी बाई पहिल्यांदा हसायची. "घ्या, वयनी मलेही पाय धुवाले सांगून राह्यल्या." नंतर तिनं हसणं सोडलं.

जूनमध्ये आम्ही त्यांना नागपूरला नेलं. मॅडमनी पाण्याचा पेला दाखवून विचारलं, हे काय? वयनींनी वाक्य म्हटलं. तुमची मुलगी कुठे असते? वाक्य. मॅडमनी कार्डं मिटली.

"हे रोज म्हणवून घेतलंत का?" त्यांनी विचारलं. "कुणी घेतलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "मी."

मॅडम रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, असं वाक्य आपोआप बाहेर पडतं, ते बोलणं नव्हे. ते पक्कं बसलं की बाकीच्यांना वाट राहत नाही. ते तिथंच थांबवून लहान शब्द चालू ठेवायला हवे होते. कार्डं पुन्हा सुरू करा, पण आता फार आशा धरू नका.

परतताना वरोऱ्याला चहासाठी गाडी थांबली, वयनी मागच्या सीटवर झोपल्या होत्या. मी म्हटलं, "सर, ते मी केलं." ते म्हणाले, "माहीत आहे. तुझ्यापुढं अजून पुष्कळ आयुष्य पडलंय. तू यात नको." त्यांच्या मुलीला, जी पुण्याला असते, अजूनही वाटतं की आईचं बोलणं वडिलांच्या घाईनं गेलं. ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. मी तिला कधी सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

सरांनी वयनींचं वाक्य सांगणं बंद केलं. पंधरा दिवसांत चॅनेलचे मालक येऊन म्हणाले, लोक विचारून राह्यले, वयनी रुसल्या का? भाऊंचं घरी बिनसलं का? वाक्य पुन्हा सुरू झालं आणि मी पुन्हा लिहायला लागले. एवढंच केलं की घरातला टीव्ही बंद ठेवला. सकाळी मी कार्डं घेऊन बसायचे, थांबायचे, आणि वाक्य यायचं.

जानेवारीतली ती दुपार. सर कोट घालून निघाले होते, मी त्यांना न्यायला आले होते. वयनींनी डाव्या हातानं त्यांची बाही धरली. त्यांना काही सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि तेच आलं. त्यांनी ते स्वतः ऐकलं. आधी त्यांना कळतंय की नाही हे आम्हाला समजत नसे, त्या दिवशी समजलं. त्यांनी आपल्याच तोंडावर हात मारला. मग ओठ घट्ट मिटले आणि हातानं सांगायला लागल्या. आधी दाराबाहेर बोट. मग छाती. मग जमिनीजवळ तळहात, एवढंसं काहीतरी.

आम्ही चप्पल आणली. सूप आणलं. मुलीचा लहानपणीचा फोटो आणला. पुण्याला फोन लावला. "आई, काय गं?" पलीकडून आवाज आला, वयनींनी फोन दूर ढकलला. सांभाळणाऱ्या बाईनं विचारलं, "माहेरी जाचं हाये का?" नाही. सर खाली जमिनीवर बसले, कोटासकट. वीस मिनिटं ते वयनींच्या हाताकडे पाहत राहिले. मध्येच काही म्हटलं नाही, काही सुचवलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या तसे ते थांबले. वयनी पुन्हा पुन्हा दाखवत होत्या: दार, छाती, जमीन. आम्हाला कळलं नाही.

चॅनेलच्या खोलीवरून फोन आला. पाहुणे येऊन बसले होते, एक निवृत्त वनरक्षक. वयनींनी फोन वाजताना ऐकला. त्यांनी हात खाली ठेवला, सरांच्या कोटाच्या बाहीवरची धूळ बोटानं झटकली आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

आम्ही गेलो. कार्यक्रम चांगला झाला. वनरक्षकांनी बिबट्याची गोष्ट छान सांगितली, आणि सुरुवातीला सरांनी वयनींचं वाक्य सांगितलं, ते मी सकाळीच लिहून ठेवलेलं होतं.

त्या दिवसानंतर वयनींनी काही सांगायचा प्रयत्न केला नाही. हातानंही नाही. ते वाक्यही त्या म्हणत नाहीत.

मी आता आरमोरीला ज्युनियर कॉलेजात शिकवते. कार्यक्रम अजून चालू आहे, दुसरं कुणी लिहितं. वर्षातून दोनदा मी चंद्रपूरला जाते, वयनींच्या केसांना तेल लावून देते. त्या लावू देतात. पहिल्या वर्षी मी विचारायचे, त्या दिवशी काय होतं वयनी, बाहेर काय होतं? त्या माझ्याकडे पाहायच्याही नाहीत. आता मी विचारत नाही.