आधी हात, मग माणसं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टँकरचं पाणी भरणं, आणि शेवटचं बोलणं म्हणजे भांडण. तेही कॅमेऱ्यातल्या एका आकड्यावरून. संध्याकाळ होती. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत टँकर येऊन गेला होता. मी ड्रमांपाशी उभा राहून झाकणं लावत होतो आणि सुमन, माझी बायको, उंबऱ्यावर कॅमेरा घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी बीड बायपासला एका लॉनवर हळदीच्या फोटोंचं काम होतं. तिनं डावा तळहात समोर धरला, त्याचा फोटो काढला, डोळे बारीक करून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितला, आकडा फिरवला. परत हात, परत फोटो. मी म्हणलं, "अगं, दिसत नाय तुला आता नीट. ऑटोवर टाक की. कॅमेऱ्याला डोळे हायेत." ती म्हणली, "डोळे हायेत, अक्कल नाय. तुम्ही झाकण नीट लावा, मच्छर होतील." "रोज रोज हातात काय बघती? हात बदलला काय?" "उजेड बदलला ना..." एवढंच. मग ती भाकरी टाकायला आत गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि गॅसपाशीच भिंतीला टेकून खाली बसली. मी रिक्षा काढली. ती मागच्या सीटवरच गेली. माझ्या पाठीमागं ती जात होती आणि मी सिग्नलला हॉर्न वाजवत होतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला रिक्षावाला माणूस. फोटोतलं मला कळतं ते तिनं सांगितलं तेवढंच. ती लग्नानंतर औरंगपुऱ्यातल्या एका स्टुडिओत अल्बमला फोटो चिकटवायला जायची. काही घरांत मेंदीला, हळदीला बायांच्यात पुरुष फोटोवाला चालायचा नाही, म्हणून मालकानं एकदा हिलाच कॅमेरा देऊन पाठवलं. तिथून ती थांबली नाही. रोलचे कॅमेरे गेले, डिजिटल आले, हिनं स्वतःचा घेतला. मी रिक्षा चालवायची, तिला कामावर न्यायचं, आणि तिथं लाईट धरून उभं राहायचं. हा असा आमचा संसार. आयएसओ नावाचं ते प्रकरण तिनं मला रिक्षातच समजावलं होतं. उजेड कमी असला की आकडा वाढवायचा, म्हणजे कॅमेरा कमी उजेडातपण बघतो. पण लई वाढवला की फोटोवर वाळू सांडल्यागत दाणे येतात. ऑटोवर टाकलं की तो आकडा कॅमेरा आपला आपण ठरवतो. मी म्हणलं, मग बरंच हाय की. ती म्हणली, "काय बरं? दोन दिव्यांच्या उजेडात नवरी बसलीय. कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, तो आकडा चढवतो अन् दुपार करून टाकतो. दिव्याचा उजेड दिव्याएवढाच पाहिजे ना?"

म्हणून कुठल्याही घरात गेलं की तिचं पहिलं काम ठरलेलं. ज्या जागी माणसं बसणार तिथं मला लाईट घेऊन उभं करायचं, आपला डावा हात पुढं धरायचा आणि त्याचा फोटो काढून आकडा ठरवायचा. खोली बदलली की परत हात. बाया हसायच्या. एक आत्याबाई तर ओरडली होती, "अवो फोटोवाल्या बाई, नवरी इकडं हाय! स्वतःच्या हाताचं काय कौतुक?" सुमन म्हणली, "आधी हात, मग माणसं. नवरीला काळी केली तर तुम्हीच मला माराल." सगळ्या खिदळल्या.

आता मेलेल्या माणसाचं सगळं चांगलंच लिहायचं अशी रीत आहे, पण मी खोटं लिहिणार नाही. तिची ही जिद्द तिला नडलीसुद्धा. फर्दापूरला एका लग्नात भर उन्हात अंगणात मुलीची ओटी भरली आणि लगेच सगळे आतल्या खोलीत रडायला गेले. ही मागं पळाली. हात बघायचा राहिला, आकडा उन्हाचाच राहिला. आई लेकीच्या गळ्यात पडली ते सगळे फोटो काळेठिक्कर. ऑटो असता तर वाचली असती. त्या आईनं हिला नको नको ते सुनावलं आणि हिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. येताना रिक्षात मी म्हणलं, "आता तरी?" ती म्हणली, "माझ्या हातनं चुकलं ते माझं चुकलं. कॅमेऱ्याच्या हातनं चुकलं तर मी कुणाला बोलू?"

दुष्काळाची दोन सालं लागोपाठ आली तेव्हा खेड्यातली लग्नं मोडली नाहीत, पण पुढं ढकलली गेली किंवा देवळात उरकली. ती म्हणायची, पावसाळा संपत आला तरी आकडा भर उन्हाच्या शंभरावरनं वर न्यायला लागला नाही. आभाळच आलं नाही, तर उजेड कमी कशानं होणार? लोकांना उन्हाची भीती वाटायची, हिला त्या शंभराची वाटायची. आणि ह्या सगळ्यात शहर मात्र वाढतच होतं. बायपासला लॉन झाले, मंगल कार्यालयं झाली, जांभळे-हिरवे लाईट आले. त्या लाईटात ती हात धरायची आणि म्हणायची, "बघा, माझा हात हाय का भुताचा?"

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे होता. हयातभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या बाईचा घरात एक फोटो नव्हता. लग्नातला होता तो वाळवीनं खाल्ला. कोणी मोबाईल समोर धरला की ती हात आडवा करायची, "माझा नको, तुमचा काढते." शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. फ्रेम भिंतीला लावली आणि मी बघत बसलो, ही कोण बाई? सुजलेली, भेदरलेली... ही माझी सुमन नाय. मी फ्रेम उलटी करून ठेवली. आणि त्याच दिवशी मला कळलं, मला तिचा चेहरा आठवत नाही. आवाज येतो, खांद्यावरचा पदर येतो, चेहरा येत नाही. डोळे मिटून बसतो तर ते आधारवालं तोंड येतं. लोक सांगतात, हळूहळू विसर पडेल, सोसा. अरे, त्याचीच तर भीती वाटते मला! ती रोज थोडी थोडी पुसली जातेय, आणि मला धरून ठेवता येत नाही.

महेश, आमचा मुलगा, पुण्याला असतो. तो महिन्याच्या श्राद्धाला आला तेव्हा मी म्हणलं, तिच्या कॉम्प्युटरात शोध, कुठं आरशात, कुठं काचेत, एखादा तरी चेहरा असंल. तो सकाळपासून बसला. दिवस कलला तेव्हा म्हणला, "आबा, आईचा चेहरा कुठंच नाय. नुसते हात हायेत. पुसायचे राहिले वाटतं." मी जवळ जाऊन बसलो. खरंच, प्रत्येक लग्नाच्या आधी एक हात. हळद लागलेला हात. तव्याचा चटका बसलेला हात. हिरव्या बांगड्या, मग प्लास्टिकच्या, मग एकच पाटली. बोटं हळूहळू वाकडी होत गेलेली. मी बघत राहिलो. मग महेश म्हणला, "आबा, मागं बघा." हाताच्या मागं, धूसर, एक माणूस लाईट घेऊन उभा. दुसऱ्या फोटोत तोच. तिसऱ्यात तोच, जांभई देताना. केस काळे, मग करडे, मग नाहीतच. महेशनं कॅमेऱ्यातलं कार्डपण लावलं. त्यातल्या शेवटच्या फोटोत ड्रमांपाशी उभा, हातात झाकण, तोंड उघडं, भांडताना. मीच तो. सगळीकडं मीच. ती कुठं बघत होती ते मला कळलं, पण ती दिसली नाही. मला मी नको होतो हो! मी काय करू माझं?

महेश म्हणला, "आबा, रडू नका. कॅमेरा मी नेतो, इथं पडून खराब होईल." मी म्हणलं, राहू दे. त्यानं बॅटरी चार्ज करून ठेवली आणि रातच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर बसलो, ती बसायची तिथंच. कॅमेरा चालू केला. आकडा तिनं त्या संध्याकाळी ठरवलेलाच होता. मी डावा हात पुढं धरला आणि बटण दाबलं. हात पांढराफेक आला, जळाल्यागत, एक रेघ दिसंना. संध्याकाळचा आकडा सकाळच्या उन्हाला कसा चालंल? ऑटोवर टाकायचं बटण कुठं आहे ते मला माहीत आहे. मी टाकलं नाही. आकडा खाली आणला, परत हात धरला. अजून खाली आणला, परत हात. शेवटी हात नीट आला. रेघ न् रेघ दिसत होती. मागं ऊन होतं, पाण्याचे ड्रम होते, आणि ड्रमांपाशी कोणी उभं नव्हतं.