दार लावून घे, बाई

ओहायोत नोकरी धरून आलो त्या पहिल्याच दिवाळीत तिथल्या मराठी मंडळाने मला मिसळीच्या पातेल्यामागे उभं केलं. नव्या माणसाच्या हातात डाव द्यायचा, म्हणजे आपोआप सगळ्यांची ओळख होते, अशी आमच्याकडची पद्धत. रांगेत तांबूस-पांढऱ्या केसांच्या एक गोऱ्या बाई आल्या. कोणाच्या तरी शेजारी असतील, आग्रहाने आणलं असेल, असं मी ठरवून टाकलं. डाव वर धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून म्हणालो, “मॅडम, धिस इज स्पायसी. व्हेरी, व्हेरी स्पायसी.” शिवाय तोंडापुढे हाताचा पंखा हलवूनही दाखवला.

बाईंनी उभ्याउभ्याच एक घास खाल्ला.

“अरे बाप्पा,” त्या म्हणाल्या, “यात साखर काहून घातली?”

मागची अख्खी रांग हसली. मिसळ मीच केलेली होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर तोंड सोडणार आहे. तेव्हा ‘तू कोण मोठा शहाणा’ असं कोणाला वाटायला नको.

तर त्या काकू. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात जन्मलेल्या, आणि आता राहायला आमच्या डब्लिनमध्ये. म्हणजे ओहायोतल्या, जिथे आम्ही इन्शुरन्स आणि सॉफ्टवेअरवाले देशी लोक भरलेलो आहोत. तरुण मुलगी असताना त्या एका बँडमध्ये गायच्या. मागे एकसारखे कोट घातलेले सात-आठ पुरुष आणि पुढे ही एकटी पोर. गावोगावच्या नाचाच्या हॉलमधून फिरत फिरत तो बँड अमेरिकेला आला आणि क्लीव्हलंडमध्ये आपसात भांडून फुटला. बाकीचे परत गेले. या राहिल्या आणि तिथल्या एका पबमध्ये गायला लागल्या. तिथे एक नागपूरचा तरुण डॉक्टर कोपऱ्यात संत्र्याचा ज्यूस घेऊन बसायचा. “सगळे प्यायला येत,” काकू सांगायच्या, “हा एकटा ऐकायला येऊन राहिला होता. मग लग्न नाही करायचं तर काय करायचं?” पुढे नागपूरहून सासूबाई आल्या त्या कायमच्याच. काकूंचं मराठी हे सासूबाईंकडून, शेवभाजीसकट जसंच्या तसं उचललेलं.

आमच्या मंडळातही त्या सुरुवातीला गायच्याच. मराठी गाणी नुसती ऐकून बसवायच्या. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि गळ्यातली कुठलीशी नस दुखावली. बोलणं राहिलं, पण जरा घोगरं. गाणं गेलं. “वरचा मजला पडला रे,” त्या म्हणाल्या, “आता मी खालच्या मजल्यावर राहून राहिली.” आणि खालच्या मजल्यावर जे करता येतं ते त्यांनी धरलं. त्या नाटकांत काम करू लागल्या. कोलंबसच्या इंग्रजी नाटक मंडळींत आणि आमच्या मराठीत, दोन्हीकडे.

काय काम मिळालं म्हणता? तिकडे त्यांना आयरिश मोलकरीण करायचे, नाहीतर आयरिश नन, नाहीतर पिऊन बडबडणारी आयरिश आजी. आपल्या स्वतःच्या आईपेक्षाही जाड आयरिश हेल काढायला लावायचे. आणि इकडे आम्ही? मेमसाहेब. टुरिस्ट. मुलाने परस्पर आणलेली गोरी सून, जी कुंकवाची डबी उघडून विचारते की हे खायचं का. वर्षानुवर्षं. त्यांनी तोंड उघडलं की हॉल हसणार, हे ठरलेलं. ती डबीची एंट्री एकदा मीच लिहिली होती आणि ती फार गाजली, हे सांगायलाच हवं, नाहीतर बायको सांगेल.

मागच्या हिवाळ्यात काकू माझ्या बेसमेंटमध्ये येऊन बसल्या. डॉक्टरकाका जाऊन दोन हिवाळे झाले होते. घर विकायला काढलेलं, उन्हाळ्यात मुलाकडे टेक्सासला, फ्रिस्कोला जायचं ठरलेलं.

“या वर्षीचं नाटक माझं शेवटचं,” त्या म्हणाल्या. “तिकडे मी आयरिश, इकडे मी गोरी. नुसती बाई मले कोणी केलंच नाही. एकदा कर. हसायचं नाही कोणी, असं काही तरी लिही.”

मी लिहिलं. साधं होतं. ओहायोतली एक विधवा आई, नागपूरकडची, घर विकायला काढलंय, मुलगी सामान बांधायला आली आहे. गोरी, काळी, कुठली, याचा एका अक्षराने उल्लेख नाही. दोन पात्रं, एक खोली, खोके. तालमीला सुरुवात झाली आणि मला पहिल्या आठवड्यात कळलं की ही बाई आम्ही कुंकवाची डबी हातात देऊन फुकट घालवली. खोक्यात कपबशी ठेवताना त्या अशा काही थांबायच्या की मुलीचं काम करणारी आमची डेंटिस्ट आपलं वाक्य विसरायची.

मध्येच एकदा अध्यक्ष तालीम बघायला आले. आमचे अध्यक्ष चांगले आहेत, हीच पंचाईत आहे. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

“मस्त यार,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “पण जरा हेवी होतंय. वीकेंडला लोक रडायला येत नाहीत. काकूंना नऊवारी नेसवून एक कॉमेडी एंट्री टाक ना. व्हिडिओ व्हायरल जाईल.”

“नाही,” मी म्हणालो.

“बरं, मग निदान प्रोग्रॅममध्ये लिहू ना, की गोरी काकू, म्हणजे लोकांना कळेल.”

“काय कळेल?”

“की त्या गोऱ्या आहेत.”

“ते दिसेलच की.”

“तेच तर,” अध्यक्ष म्हणाले.

प्रयोग मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी, हायस्कूलच्या सभागृहात. बाहेर बोचरा वारा. नाटक संपताक्षणी जेवण, म्हणून केटररचे ट्रे उजव्या विंगेमागच्या दाराने यायचे होते. ते दार लागलं की बाहेरून उघडत नाही. मी स्वतः त्यात एक घडीची खुर्ची अडकवली आणि त्या विंगेत संहिता घेऊन बसलेल्या माझ्या बायकोला बजावलं, काही झालं तरी हे दार लागता कामा नये. पडद्यामागच्या सगळ्यांचे फोनही बंद करायला लावले. मी पडद्याची दोरी धरून डाव्या विंगेत.

आणि पडदा उघडायच्या आधी अध्यक्ष माइक घेऊन पुढे गेले.

“मित्रांनो, आज एक सरप्राइज! आपली लाडकी गोरी काकू आज पूर्ण नाटक मराठीत करणार आहे! पूर्ण मराठीत बरं का! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!”

झाल्या. जोरदार झाल्या. पडदा उघडला. काकू खोक्यांमध्ये पाठमोऱ्या बसलेल्या. मुलगी आत आली. काकू मागे न बघता म्हणाल्या, “दार लावून घे, बाई. गार वारा येतो.”

टाळ्या.

मला वाटलं, पहिलं वाक्य आहे, होतं असं. मुलीने विचारलं, चहा घेतलास का? काकू म्हणाल्या, “घेतला.” टाळ्या! ‘घेतला’ या शब्दाला टाळ्या! मागून कोणीतरी “अरे वा!” केलं. कोणी फोन वर धरून शूटिंग सुरू केलं. नवरा गेल्यानंतर त्याचा चष्मा कुठे ठेवावा हे सुचत नाही, असं ती बाई सांगते आहे, आणि आमचे लोक कौतुकाने एकमेकांकडे बघतायत. किती स्वच्छ बोलते नाही!

हसले असते तरी परवडलं असतं. हसण्याशी काकू वर्षानुवर्षं लढल्या होत्या. ही टाळी वेगळी. तीन वर्षांच्या पोराने श्लोक म्हटल्यावर आपण वाजवतो ती. आणि वाजवणारे कोण? आम्ही! ऑफिसात एखादा जॉन नाहीतर जेनिफर “तुमचं इंग्लिश किती छान आहे!” म्हणाले की तीन पॉटलक जेवणं आम्हाला तो विषय पुरतो. माझ्या शाळेत इंग्रजी होतं, माझ्या आजोबांना शेली पाठ होता, हे स्वतःला काय समजतात. मुलांना जेवणाच्या टेबलावर भाषणं देतो. मुलं मान न वर करता “येस, बाबा, वी नो” म्हणतात. तेच आम्ही शनिवारी दुपारी, मराठी घरात पन्नास वर्षं राहिलेल्या बाईला, जिने आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले तिला, ‘चहा घेतला’ म्हणाली म्हणून शाबासकी देत होतो. दोरी माझ्या हातात होती. ती कोणाच्या तरी गळ्यात घालावी असं वाटत होतं. कोणाच्या हे ठरेना, उमेदवार फार होते.

काकू प्रत्येक टाळीला थांबत होत्या. रस्त्यावरून ट्रक गेला की आपण बोलणं थांबवतो, तशा. ट्रक गेला की पुढे. चिडल्या नाहीत, पण मला त्यांची पाठ दिसत होती. ती ताठ होत चालली होती.

मध्यंतर नव्हतं. निम्मं नाटक असंच गेल्यावर त्यांनी काहीतरी ठरवलं असावं. त्यांचा आवाज उतरायला लागला. तालमीत त्या एकदा बोलल्या होत्या की हॉलमध्ये दारू प्यायलेले लोक आरडाओरडा करायला लागले की बँडवाले म्हणत, जोरात गा. आणि त्या उलट करत. “हळू गायचं. इतकं हळू की त्यायले आपलाच आवाज नकोसा झाला पाहिजे.” गाणं गेलं होतं, पण ही गोष्ट गेली नव्हती. त्या घोगऱ्या, खालच्या मजल्यावरच्या आवाजात त्या पायरी पायरीने खाली उतरल्या आणि हॉल पुढे वाकला. एक टाळी कुठेतरी सुरू झाली आणि शेजारच्याने “शूः” केल्यावर अर्धवट मेली. फोन खाली गेले. पहिल्या रांगेत कोणाची तरी साताऱ्याहून आलेली आई बसली होती, तिने पदर तोंडाशी धरला. शेवटी मुलगी खोका उचलून निघते. काकू खुर्चीत बसल्या आणि जवळजवळ ओठातच म्हणाल्या, “जाताना दार लावून घे, बाई.”

मग तालमीत बसवलं होतं तसं, मांडीवरची शाल घडी करत त्या तीन-चार मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. टाळी नाही, खोकला नाही. चारशे मराठी माणसं एका ठिकाणी, आणि शांतता. असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्या शांततेसाठी ही बाई इतकी वर्षं थांबली होती. मी मनात म्हटलं, एक श्वास होऊ दे, मग दोरी ओढू.

त्या एका श्वासात अध्यक्ष माइक घेऊन आत आले.

“वा वा वा! काय मराठी! मित्रांनो, जेवणाला जरा उशीर होतोय, केटररचा पत्ता नाही, तोपर्यंत… काकू, एक आयरिश गाणं होऊन जाऊ द्या!”

गळ्याचं ऑपरेशन या माणसाला माहीत होतं. हॉस्पिटलात फुलं घेऊन हाच गेला होता. आणि हॉलने काय करावं? “गाणं! गाणं!” तालात!

काकू अजून खुर्चीत होत्या. मांडीवर शाल, हात शालीवर. त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आपल्या घरात परका माणूस कसा आला अशा नजरेने.

मी दोरी ओढली. सगळा जोर लावून. दोन्ही बाजूंनी पडदा धावत आला आणि अध्यक्षांवर मिटला. पडद्याच्या घड्यांतून आवाज आला, “अरे कोण आहे यार तिकडे!” मी त्यांच्या हातातला माइक हिसकावून पडद्यापुढे गेलो आणि बोललो. इंग्लिश छान आहे म्हणणारा जॉन, डिंकाचे लाडू, लाज, सगळं बोललो. इतकं चांगलं मी कधी बोललेलो नाही. नंतर कळलं की झटापटीत माइक बंद झाला होता. तिसऱ्या रांगेच्या मागे कोणाला काही ऐकू गेलं नाही. मागच्यांना वाटलं मी जेवणाबद्दल सांगतोय.

पडद्याआड गेलो. काकू उभ्या होत्या, माझ्यावर डोळे वटारून.

“काहून बंद केला रे पडदा? मले वाकायचं राहिलं ना!”

मी निमूट दोरी ओढली. काकू एकट्या पुढे गेल्या. एक पाय मागे घेऊन, बँडमध्ये शिकवतात तशा वाकल्या. टाळ्या झाल्या. या टाळ्या कसल्या होत्या ते मला सांगता येणार नाही, माझं लक्ष अध्यक्षांकडे होतं. त्यांनी माझ्याकडचा माइक घेऊन पुन्हा काकूंपुढे केला. काकूंनी तो हाताने बाजूला सारला.

“गाणं गेलं रे बाबू. नाटक झालं. आता जेव,” त्या म्हणाल्या.

पण जेवण कुठे होतं!

रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून मंडळाचा राजीनामा लिहायला बसलो आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवत राहिलो. त्यात ‘असंस्कृत’ हा शब्द दोन ठिकाणी होता. एका बाईच्या आयुष्यातली एकमेव शांतता ज्यांनी पोळीभाजीच्या उशिरापायी मोडली, इथपर्यंत आलो आणि म्हणालो, तो केटरर भेटला ना, तर त्यालाही सोडणार नाही. कुठे मेला होता इतका वेळ?

बायको चहा गाळत होती. ती थांबली.

“अहो, त्याला नका काही बोलू,” ती म्हणाली. “तो वेळेवर आला होता. ट्रे घेऊन थंडीत बाहेर उभा होता बिचारा, आणि आपले सगळ्यांचे फोन बंद.”

“बाहेर का?”

“शेवटी काकू म्हणाल्या ना, जाताना दार लावून घे, बाई… मी उठले, खुर्ची काढली आणि दार लावून आले.”